नवी की जुनी

साडेआठला शटर वर जातं.
त्याआधीच फरशीवर चपलांची रांग असते.
माणसं कडुनिंबाखाली, नंबर चपलांचे.
एक अंगठा तुटलेली, एक पिन लावलेली,
एका जागी नुसता दगड,
त्याखाली आधारकार्डाची झेरॉक्स.

कुरखेड्याच्या या दवाखान्यात मी नोंदणीप्रमुख.
हाताखाली दोन ऑपरेटर, दीड प्रिंटर
आणि कवडू. तो शिपाई म्हणून लागला,
आता गोंडीचा दुभाषी आहे, पगार शिपायाचाच.
वरून पत्र आलं: प्रतीक्षा तीस मिनिटांवर आणा.
मी मोजलं.
खिडकीपाशी अकरा मिनिटं.
कोटगूलहून खिडकीपर्यंत पाच तास.

मग एवढंच केलं,
डेपोतून एसटीचं वेळापत्रक आणलं
आणि डॉक्टरांच्या वेळापत्रकाशेजारी चिकटवलं.
कोरचीची गाडी सव्वाअकराला येते,
सोनोग्राफीचे नंबर साडेदहालाच संपायचे.
सहा वर्षं हे दोन कागद
कुणी एकमेकांना दाखवलेच नव्हते.
आता मंगळवारी पहिले आठ नंबर गावातल्यांचे,
पुढचे बारा कोरचीच्या गाडीचे.
गावातले रागावले. दोन फोन आले, एक जरा मोठ्या आवाजात.
डॉक्टर म्हणाले, आणि माझं जेवण?
म्हटलं, तेही लिहिलंय सर, दीड वाजता.

संगणक जन्मतारीख मागतो.
त्याला "मारबतीच्या दुसऱ्या दिवशी" चालत नाही,
"मोहं वेचायच्या दिवसात" चालत नाही.
म्हणून अर्धा तालुका एक जानेवारीला जन्मलेला.
त्या पहाटे यंत्र शुभेच्छा धाडतं
जंगलातल्या बंद मोबाइलांना.

फेब्रुवारीत दुहेरी नोंदी शोधायला बसले.
सुनंदा नैताम, वय बत्तीस. बाळंतपण, बाळ कमी वजनाचं.
सुंदरा हलामी, वय अठ्ठावीस. शिबिरातली तपासणी, सिकलसेल.
सुंदरी नैताम, वय चाळीस. रक्त चढवलं, दोनदा. कारण: अशक्तपणा.
प्रणिता म्हणाली, तीन बाया आहेत मॅडम.
ओळखखूण वाच, म्हटलं.
डाव्या मनगटावर गोंदलेला विंचू.
डाव्या मनगटावर विंचू.
विंचू, डावं मनगट.

एका बाईचा आजार एका नावात,
रक्त दुसऱ्या नावात,
आणि डॉक्टरांसमोर दरवेळी
कोरा, पाच रुपयांचा कागद.

आशाताईनं तिला आणलं.
दरवेळी नवी का म्हणालीस बाई?
"तुमीच इचारता, नवी का जुनी.
जुनी म्हनलं त जुना कागद मांगता.
कागद त पान्यात गेला.
नवी म्हनलं का काम होते."

प्रश्न माझाच होता.
ऑपरेटरना पहिल्या दिवशी शिकवलेला,
रांग लवकर सरकावी म्हणून.

आता कोणतं नाव ठेवू?
ती कवडूशी गोंडीत काहीतरी बोलली, पदराआड हसली.
कवडू म्हणाला, सुकारो. शुक्रवारची आहे ना ती.
सुनंदा मास्तरनं लिहिलं, सुंदरी नर्सनं,
सुंदराचं तिलेबी मालूम नाई.

मी टाइप केलं, सु का रो.
तिन्ही बायांच्या तारखा एकीखाली सरकल्या.
यंत्रानं विचारलं, नक्की? हे परत फिरवता येणार नाही.
नक्की, दाबलं.

सिकलसेलचा दिवस बुधवार.
मी तिला शुक्रवार दिला,
कारणाच्या जागी लिहिलं, बुधवारी गर्दी.

आज शुक्रवार. सव्वाअकरा झाले.
गाडी नाही.
अकरा चाळीस.
बेडगावच्या घाटात लाकडाचा ट्रक आडवा झाला म्हणे.
लोमेशचं बोट कळीवर,
मॅडम, गैरहजर टाकू का?
यादी बाराला आपोआप बंद होते.

थांब, म्हटलं.
आणि खिडकीतून बाहेर पाहिलं, जिथून रस्ता दिसत नाही,
फक्त चपला दिसतात.