पाच मिनिटं

अर्ज पुढे सरकवला तेव्हा साहेबांनी विचारलं,
कुणी आजारी आहे का, वेइक्को? लग्नबिग्न?
म्हटलं, नाही. काम आहे.
बुधवारी. अख्खा दिवस लागेल.
यात खोटं काहीच नव्हतं.
तेरा वर्षं खोळंबलं होतं ते काम.

रात्री ओउलूला साइलाला फोन केला.
ती आता लोकांचे दात काढते,
तेव्हा तिचेच पडत होते, आणि एका दुपारी
सात वेळा तिने मला त्या लाकडी गाडीत बसवलं होतं.
एकटाच जाणार? म्हणाली.
मग बराच वेळ काही नाही.
मग: पुढच्या डब्यात बस, बाबा. मागे मान धरते.

तिकिटाच्या खिडकीतली मुलगी म्हणाली, लहान मुलं किती?
एकच, म्हटलं. अठ्ठावन्न वर्षांचं.
ती हसली नाही. तिला पूर्ण उन्हाळा काढायचा होता तिथे.

खारट काळं लिकोरिस घेतलं. जीभ काळी झाली.
कपबशीच्या पाळण्यात चौथी बशी किरकिरत होती,
बेअरिंग कोरडं पडलंय, हात शिवशिवले.
खिशात घातले.
आज नाही.

आणि मग ती गाडी.
शेजारी शाळेच्या सहलीतला ओत्सो, टोपी उलटी,
पायाखाली साखळी, कट् कट् कट् कट्,
ताम्पेरे हळूहळू खाली उतरत चाललेलं,
आणि अगदी माथ्यावर, पडायच्या जरा अलीकडे
कट्.
थांबली.

मागे कुणी रडू लागलं. कुणी देवाचं नाव घेतलं.
ओत्सो म्हणाला, आपण मरणार का?
नाही.
तुम्हाला काय माहीत?
काय सांगू त्याला!
सेन्सरवर धूळ बसली असणार, मला आवाजावरूनच कळलं होतं,
फडक्याचं काम, दोन मिनिटांचं.

तेवढ्यात स्पीकर खरखरला.
विशीतला असेल पोरगा, आवाज कापत होता:
घाबरू नका. पाच मिनिटं फक्त.

माझं वाक्य.
एकतीस वर्षं बंद दारांच्या फटींना तोंड लावून
मी हेच म्हणत आलोय,
अडकलेल्या लिफ्टमधल्या, न दिसणाऱ्या माणसांना.
माझी पाच मिनिटं कधी वीस झाली,
एकदा तर दोन तास;
आत एक म्हातारी सगळा वेळ गुणगुणत होती,
दार उघडलं तर मला बघून गप्प झाली.

फटीच्या या बाजूला कधी बसलो नव्हतो.

तळं दिसत होतं. त्यात बेटं,
कुणीतरी खिशातून सांडल्यासारखी.
जुन्या कापडगिरणीची चिमणी.
ते हॉस्पिटल, नऊ मजले, दोन नंबरची लिफ्ट हट्टी.
ती वाचनालयाची इमारत, तिची मोटर मी दोनदा बदलली.
या शहराच्या पोटातल्या सगळ्या अंधाऱ्या विहिरी
मला पाठ आहेत.
त्याचं डोकं आज पाहिलं.

ओत्सो नावा मोजू लागला. अकरा.
नाही, बारा, ती पांढरी मी धरली नव्हती.
मी म्हटलं, तो पक्षी आहे.
तो म्हणाला, मग अकरा.

वरून ओरडून सांगता आलं असतं
त्या पोराला: उजवीकडचा डबा उघड, पूस.
नाही सांगितलं.
मनात म्हणत होतो, शोध बाबा, सावकाश शोध,
पहिल्यांदा डावीकडचा उघड.

त्याने डावीकडचाच उघडला असावा.
चांगला अर्धा तास मिळाला.

मग कट्,
आणि खाली
तळं, चिमणी, टोपी, पोट,
कुणीतरी प्रचंड किंचाळत होतं,
वळणावर कळलं, मीच.

गुरुवारी सकाळी नऊला फोन.
विमा कंपनीची इमारत, तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये, चौघं.
फटीला तोंड लावलं. वाक्य ओठांवर आलंच होतं.
गिळलं.
म्हटलं, खरं सांगतो, वीस मिनिटं लागतील.

आत कुजबुज झाली.
मग एक बाई म्हणाली,
चाळीस होतील का हो?