उघाडी

आमच्याकडे थोरल्या लेकाला 'दोन' म्हणतात.
एक कुणीच नसतं; का, ते धड कुणी सांगत नाही.
म्हणून तिसरा असून मी चार,
आणि कालव्याच्या तोंडाशी राहते ती सात.
हाकेलाही आकडे वापरणारी माणसं आम्ही,
तरी फोनवर पाण्याचे आकडे आले
तेव्हा बिचकलो.

तीस वर्षं ह्या उघाडीची किल्ली माझ्या कमरेला.
समुद्र चाळीस किलोमीटर लांब,
पण कोरड्या महिन्यांत तो मेकाँगच्या उलट चढतो,
दरवर्षी थोडा अधिक आत.
पूर्वी मी बोट बुडवायचो, जिभेला लावायचो,
आणि ठरवायचो दार.
भाताला गोडं हवं, कोळंबीच्या तळ्यांना खारं;
दोन्हीकडचे माझ्याच जिभेला शिव्या द्यायचे.
टेटला बदक कुणी आणून दिलं, कुणी नाही,
हे जिभेला कळत नव्हतं
असं मी म्हणणार नाही.

मग कान थोहून त्रुक आली,
गुडघाभर चिखलात उभी राहून
आठ घरांना तिने पेनाएवढी यंत्रं दिली.
भरतीला बुडवा, आकडा टाका,
सगळ्यांचं सगळ्यांना दिसेल.
"सगळ्यांना?" सातने विचारलं.
"सगळ्यांना."

नकाशावर आठ ठिपके उगवले. हिरवे, पिवळे, लाल.
लोक आता ठिपक्यांशी भांडायचे.
माझं ओझं उतरलं.
बदकंही थांबली.

गेल्या पौर्णिमेच्या तोंडावर
सातचा ठिपका राखाडी पडला. चार दिवस.
वरची भातं तहानलेली;
रात्रीच्या भरतीला दार उघडायचं
मी कबूल करून बसलेलो.
होडी घेऊन गेलो.

ती जाळं शिवत होती.
"व्यापारी आला होता," म्हणाली,
"त्याने फोन पुढे धरला. माझाच आकडा.
दाणा भरणार नाही म्हणाला, उचल अर्धी.
माझ्या शेताचा भाव
मी माझ्याच हाताने पाडू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.
सवयीने बोट बुडवलं, जिभेला लावलं.
"किती?"
"दोन असेल."
तिने माझ्याकडे पाहिलं,
म्हाताऱ्या कुत्र्याकडे पाहावं तसं,
आणि वळचणीतून यंत्र काढून
पाण्यात धरलं.

चार दशांश सहा.

साठीनंतर जीभ बोथटते,
हे मला कुणी कळवलं नव्हतं.
दोघंही गप्प.
मग तिने अंगठ्याने आकडा टाकला,
फोन पालथा ठेवला
आणि सुई पुन्हा दोऱ्यात घातली.
खाल्ल्या मिठाला जागतात म्हणे माणसं;
ती न खाल्लेल्या मिठाला जागली.

त्या रात्री दार बंद राहिलं.
अकरा किलोमीटर वरचे पंपही.

उचल अर्धीच मिळाली तिला.
परवा सभा झाली:
आकडा वाटून घेतला, तर तूटही वाटून घ्या,
असं त्रुक नाही, कोळंबीवाला सहा म्हणाला.
दोघं उठून गेले.
उरलेल्यांचं अजून ठरत नाही,
पोत्यांवर येऊन अडलंय.

आज पहाटे पाच वाजून दहा.
सात: पाच दशांश एक. लाल.
मी उघाडीवर बसून बोट बुडवतो अजून,
फक्त जिभेला लावत नाही.
सदऱ्याला पुसतो.