पावाचा कोणता भाग

जानेवारीतल्या तापात क्विरिनचं नाक गेलं.
ताप उतरला, खोकलाही थांबला,
वास तेवढा परतला नाही.
जिभेवर आता फक्त
खारट, गोड, आंबट, कडू.
चार खुंट्या, कोट एकही नाही.

तरी मार्चमध्ये त्याने बिअर लावली,
बापाची वही उशाशी घेऊन.
मोडाचे जव किती भाजायचे,
तर वहीत आकडा नाही, लिहिलंय:
"पोस्टमनच्या कातडी पिशवीचा रंग येईतो."
तो पोस्टमन मरून तीस वर्षं झाली.
क्विरिनला पिशवी आठवते.

मग तळघराचं दार ओढून घेतलं.
वर चेस्टनटची झाडं,
त्यांच्या सावलीच्या भरवशावर
बिअर उन्हाळाभर निजली.

आज सप्टेंबरची अठरा.
अंगणात बाकं मांडून झालीत,
शनिवारी सगळं गाव येईल.
मी पिंपाची तोटी सोडते.
मी आफ्रा, एरवी टाक्या धुणारी.
सहा वर्षांत इथे मला कुणी
कशी लागते म्हणून विचारलेलं नाही.

तो ग्लास दिव्याकडे धरतो.
तांबूस. कडेला जरा सोनेरी.
मग ग्लास कानाशी नेऊन
फेस ऐकतो,
ओल्या वाळूत पाणी मुरावं तसा बारीक.
आणि माझ्याकडे सरकवतो.
"सांग."

"पाव."
"पावाचा कोणता भाग?"
मी पुन्हा घोट घेते.
"वरचा पापुद्रा."
"नक्की?"
"नाही. खालचा.
भट्टीच्या विटेला टेकलेला,
खरपूस. करपलेला नाही."

"गोड?"
"वाटते. गिळल्यावर कळतं, नव्हती."
"म्हणजे?"
"म्हणजे खोलीत मधाची बरणी आहे,
पण झाकण लावलेली."
तो हसतो. जानेवारीनंतर
मी त्याचे दात पाहिले नव्हते.

"कडू?"
"शेवटी. दारात उभं राहून
'येते हं' म्हणणाऱ्या पाहुणीसारखं.
निघतं, पण लगेच जात नाही."

असं एकेक पिंप.
दुसरं, तिसरं, पाचवं,
माझे शब्द संपत आले, तेच तेच पाव.
सातव्यापाशी मी थांबले.

ह्याला कळणार नाही.
गावालाही कळणार नाही,
तिसऱ्या ग्लासानंतर तर मुळीच नाही.
शिवाय मी कोण? नळी आणि ब्रश.

"सातव्यात लोणी आहे," मी म्हणाले.

तो बराच वेळ पिंपाच्या लाकडावर
हात ठेवून उभा.
"किती?"
"सुरीच्या टोकाएवढं."
"मग निजू दे अजून.
पंधरा दिवसांनी पुन्हा चाख."
चाखू या नाही म्हणाला.
चाख.

वर पोरं चेस्टनट गोळा करत होती,
एक फळ पायऱ्यांवरून टणटणत
आमच्यापर्यंत आलं आणि पडून राहिलं.

मी तोटी पुसत होते.
त्याने पहिल्या पिंपाचा ग्लास उचलला,
मी ठेवलेला, अर्धा,
डोळे मिटून मोठा घोट घेतला.
गिळला नाही.

चावत राहिला.