ठेच

पुकाल्पात संध्याकाळी हवेत लाकडाचा भुसा असतो.
घशात बसतो, कॉफीत बसतो, तबकडीच्या रेघांतही बसतो.
मी चव्वेचाळीस वर्षं आरागिरणीत काढली,
डाव्या हाताची करंगळी तिथेच ठेवून आलो.
उरलेल्या नऊ बोटांनी मात्र सुई अशी टेकवायचो,
जसा झोपलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवावा.

माझी आवडती गाणी? विचारलंस म्हणून सांगतो, थोडीच आहेत.
एक होडी उलटल्याचं, ज्यात ऑर्गन रडतो आणि गाणारा हसतो.
एक अननस विकणारीचं, त्याचे शब्द चावट आहेत, तुझ्यापुढे नको.
आणि एक ‘काजवे’ बँडचं, त्र्याहत्तर सालचं,
आठवड्याचा पगार मोजून आणलेली लहान तबकडी.
सोयला दोन दिवस बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी म्हणाली, लाव परत.

त्या गाण्याला ठेच तिनेच लावली.
तुझ्या आईच्या बाप्तिस्म्याला नाचता नाचता
तिची कंबर टेबलाला धडकली,
सुई करकरत आडवी गेली
आणि दुसऱ्या कडव्यात ‘परत ये’ म्हणताना
गाणारा कायमचा अडखळला:
पर – टक् – परत ये.

मी चिडलो. ती म्हणाली, बरं झालं,
आधी नुसता लांबून बोलावत होता,
आता उंबऱ्यापर्यंत आलाय.
पुढे घरात सगळे तसंच म्हणायचे, टक् सकट.
शेजारच्या रेडिओवर ते धडधाकट लागलं
की तुझा मामा म्हणायचा, यांचं चुकलं.

सोयला गेली त्या वर्षी छपराचे पत्रेही गेले.
एक उंच गोरा आला, गुडघ्यांवर डास चावलेला.
खोकंभर तबकड्या त्याने उजेडात धरधरून पाहिल्या,
हिच्यापाशी थांबला: ओरखडा आहे, हिचे कमी.
मी घासाघीस केली नाही.
पत्रे आले. घर कोरडं राहिलं, आणि मुकं.

परवा दवाखान्यातून येताना मोटोटॅक्सीत बसलो.
पोरगा विशीतला, आरशाला संताची तसबीर, सीटखाली स्पीकर.
कोणी ओली गादी काठीने झोडपावी
तसं काहीतरी धपाधप वाजत होतं.
गिटार ओळखीची वाटली,
पण ओळखीची माणसं बाजारात दिसतात तशी, पाठमोरी.
बर्लिनच्या कोणीतरी केलंय, पोरगा म्हणाला, सगळीकडे वाजतंय.
मी म्हणणार होतो, आवाज कमी कर बाबा,
इतक्यात

टक्.

वाट पाहिली. चुकून पडली असेल.
टक्. टक्.
त्यांनी ती पुसली नव्हती,
उलट तिच्यावरच ठेका उभा केला होता,
आणि कुठल्याशा तळघरात, जिथे मी कधी जाणार नाही,
हजार अनोळखी टाचा
माझ्या बायकोच्या कंबरेबरहुकूम आपटत होत्या.

आणखी एक चक्कर मार, मी म्हणालो.
बंदरावरून घे. दोन सोल जास्त देतो.

पण एक आहे. शेवट त्यांनी खाल्ला.
मूळ गाण्यात सगळं थांबल्यावर गिटारवाला एक सूर चुकतो
आणि मागे कोणीतरी हसतं.
ते कापलंय.
म्हणून घर आलं तरी मी उतरलो नाही,
तेवढा तुकडा शिट्टीवर वाजवला, चुकलेल्या सुरासकट.
पोराने मागे वळून विचारलं, हे काय?
उरलेलं, मी म्हटलं.

हसणं तेवढं जमलं नाही.
ते राहिलंच.