डोळ्यांचा डॉक्टर

राजारामपुरीतल्या त्या इमारतीत
पहिल्या मजल्यावर डोळ्यांचा डॉक्टर,
तिसऱ्यावर आमचा.
म्हणून मुरगूडात गेली दोन वर्षं
माझा नंबर दर महिन्याला वाढतोय
आणि चष्मा अजून कुणी पाहिलेला नाही.

जिन्यात वृषाली मगदूम भेटली,
झेरॉक्सवाल्या मगदुमांची.
लिफ्टमध्ये तीही बसत नाही.
दुसरा मजला संपता संपता
दोघंही कठड्याला धरून थांबलो.
'डोळं दाखवाय आलतो,' ती म्हणाली.
(आमच्याकडच्या पोरी 'आलतो'च म्हणतात.)
'मीपण.'
पहिला मजला
आम्हा दोघांच्याही कधीच खाली राहिला होता.

परतीच्या एसटीत ती दोन बाकं पुढं.
मुदाळ तिट्ट्यावर गाडी रिकामी झाली
तशी मागं वळून, हळूच :
'तुला आधी कुठं सुरू होतंय? हात का छाती?'
'हात.'
'मला जीभ. गिऱ्हाईक विचारतंय किती झालं,
आणि मला चार रुपये म्हणता येईना.'
इतकं खाजगी
मला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं.

मी कारखान्यात काट्यावर असतो.
भरलेली गाडी, वजा रिकामी गाडी, म्हणजे ऊस.
प्रत्येक आकडा तीनदा बघतो,
मागचे ड्रायव्हर हॉर्न मारून शिव्या देतात.
तसंच मी तिचंही काढून बघितलं, मनगटावर बोट ठेवून :
तिच्या दुकानासमोर एकशे दहा,
एरवी बसल्या जागी शंभर.
बाकी दहा.
शंभर आजाराचे असतील, असू देत.
हे दहा माझे.

गावात भेटायचं कुठं?
तळ्यावर सकाळी सगळे निवृत्त मास्तर चालतात,
संध्याकाळी त्यांचे विद्यार्थी.
म्हणून मी आधारकार्डाच्या प्रती काढतो.
आतापर्यंत सत्तावन्न.
प्रत्येकीच्या पाठीवर तिचं पेन्सिलीतलं बारीक अक्षर :
'रात्री तीनला जाग.'
'आज बरं आहे. पोळी खाल्ली.'
'काल आला नाहीस, वाईट वाईट सुचत होतं.
तू मेलास असं धरूनच मी दुकान बंद केलं.'
पानपट्टीवाला बंडू विचारतो,
'काय भावा, कर्ज काढतोस का कुठं?'

जानेवारीत आम्ही एकाच तारखेला नंबर लावला.
गाडी गच्च. इस्पुर्लीजवळ तिनं खिडकीची दांडी धरली,
बोटं पांढरी.
जीभ गेली होती, हे मला चेहऱ्यावरून कळलं.
मी कंडक्टरला ओरडून गाडी थांबवली,
मी, ज्याला स्वतःच्या स्टॉपला
'थांबवा' म्हणायचं सुधरत नाही आणि जो पुढच्या गावातून चालत येतो.

रस्त्याकडेच्या मोरीवर बसलो.
श्वास मोज वगैरे डॉक्टरांचं सगळं विसरलो.
समोरून उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या.
काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं,
'ही सोळा टन.'
मग, 'ही चौदा सहाशे. वाडं जास्त आहे, फसवतोय.'
'ही सतरा. मागचं टायर बघ.'
नवव्या ट्रॉलीला
तिनं माझा हात धरला. दोघांचेही तळवे घामानं ओले,
त्यामुळं थरथर कुणाची ते ठरवता येईना.
अकराव्या ट्रॉलीला ती म्हणाली, 'पंधरा.'
मी म्हटलं, 'साडेपंधरा.'
ती भांडली. बराच वेळ भांडली.
डॉक्टरांची वेळ तिथंच टळून गेली.

घरी आलो तर आई भाकरी थापत होती.
'काय म्हणाले डॉक्टर?'
'दिसतंय म्हणाले. बऱ्यापैकी.'
तिनं भाकरी उलटली,
माझ्या बाहीवरचा पाल्याचा तुकडा काढून चुलीत टाकला
आणि माझ्याकडं न बघताच विचारलं,
'आणि मगदुमांच्या पोरीला किती नंबर निघाला?'