अठरा लाईन, चार भोकं

हसनमियाँ मुकादम दिवाळीनंतर हर्णैला जाणार, कायमचे.
म्हणून मी जागा शोधतेय
भुलेश्वरच्या आमच्या दुकानातल्या
अकरा हजार बटणांसाठी. हवेतली जागा.

पहिल्या कंपनीचा पोरगा म्हणाला,
"मॅडम, सगळं अनलिमिटेड. महिना एकोणनव्वद."
सासरे गल्ल्यावरून, मान वर न करता:
"अमर्याद म्हणणाऱ्याची पट्टी आधी मोजून घे."
मोजली. पाच पानं, दहा फोटो, चौकशीचा फॉर्म.
आणि डेटाबेस?
"आहे ना मॅडम, एक. छोटा."
म्हणजे पाटी झकास रंगवून देणार,
आत खण एकही नाही.

आमच्याकडे खण सहाशे बारा.
प्रत्येकावर आतलंच एक बटण टाचलेलं,
शिंपला, शिंग, करवंटी, पितळ, नायलॉन.
पण गिऱ्हाईक खणासारखं सरळ विचारत नाही.
"हस्तिदंती रंग, पण पिवळट नको,
अठरा लाईन, चार भोकं, आणि आत्ता."
एका वाक्यात चार खण एकदम उघडायचे.
हसनमियाँ शिडीवर चढतात, तिसरीकडेच बघत
हात घालतात.

दुसऱ्या कंपनीला मी वहीतून वाचून दाखवलं:
लग्नसराईत शंभर शिंपी एकाच वेळी आले
तर किती जणांना आत घ्याल?
माल उद्या दुप्पट झाला तर?
बॅकअप रोज घेता, बरं,
पण तो परत लावून बघितलाय कधी?
तिकडून बराच वेळ होल्डची धून.

हसनमियाँना हे कुणी विचारलं नव्हतं.
ज्या साली गल्लीत कमरेएवढं पाणी भरलं
ते दुकानातच होते. एकटे.
खालच्या तीन रांगा माळ्यावर,
आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी
प्रत्येक खण आपापल्या जागी.
"दोन अदलाबदल झालेत," हेही तेच म्हणाले.

तिसरी कंपनी महाग.
पण फोनवरची बाई दोनदा "नाही" म्हणाली.
या दरात इतक्या जोडण्या मिळणार नाहीत.
बॅकअप परत लावायला वीस मिनिटं तरी लागतील,
मागच्याच महिन्यात लावलाय मी.
तिच्याकडे पैसे भरले.

आता दुपारी ते सांगतात, मी भरते:
माल, लाईन, भोकं, रंग, भाव.
खण पाचशे अठ्ठ्याण्णवमध्ये एकच निघालं.
निळी काच. कुणी बाई ठेवून गेलेली,
जोडीचं मिळालं तर बघा म्हणून.
कधी?
"तुमचं लग्न व्हायचं होतं."
भावाच्या रकान्यात मी शून्य टाकलं.
"शून्य नको. शून्य म्हणजे फुकट.
याचा भाव अजून ठरलेला नाही."

खोडलं. रकाना रिकामा सोडून एंटर दाबलं.
कुरकुर न करता घेतला त्याने.
शोधून बघितलं, सापडतं:
निळी काच, दोन भोकं,
खण पाचशे अठ्ठ्याण्णव.