शटर पाडण्याआधी

मेडिकल चौकातून आत वळलं की
औषधांच्या तीन दुकानांनंतर माझं.
झेरॉक्स, लॅमिनेशन, सर्व ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील.
मे महिन्यात कूलर माझ्याआधी मशीनला लागतो.

लोक काउंटरवर सगळं ठेवतात.
आधार, पासबुक, डिस्चार्ज कार्ड,
नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, चार प्रती.
तीन तास रांगेत उभा राहिलेला माणूस
मागाल ते देतो, न मागितलेलंही देतो.
"भाऊ, ओटीपी आला, वाचू काय?"
आणि वाचतातच, खणखणीत, एकेक आकडा,
मागं सात जण ऐकून राहिले असताना.

मी म्हणतो, मावशी, हळू.
म्हणतो, सांगू नका, दाखवा.
मग म्हणतो, मलेही दाखवू नका,
हा घ्या कीबोर्ड, तुम्हीच टाका.
वच्छला पराते हसतात :
"तुह्यापासून काय लपवाचं बावा,
तू त आमचं सारं पाह्यलं."

पाहिलं आहे.
कोणाच्या खात्यात सत्तेचाळीस रुपये उरले,
कोणाच्या रिपोर्टवर लाल शाईचा गोल आहे,
कोणती बाई दोन वर्षांपासून
माहेरचं आडनाव परत मागून राहिली.
पाहून विसरणं, हा या धंद्याचा अर्धा भाग.
तो मला उशिरा आला.

नर्सिंगची एक पोरगी यायची, प्रणोती हेडाऊ.
स्पेलिंग चुकलं की स्वतःवरच चिडायची.
एकदा ती येऊन गेल्यावर आठवड्याभरानं एक जण आला.
सभ्य. इस्त्रीचा शर्ट. माझ्यासाठी थंड पाण्याची बाटली.
म्हणाला, मी भाऊ तिचा, घरी वाद झाला,
नवा नंबर तेवढा सांगा, आई जेवत नाही.
फाइल डेस्कटॉपवरच होती.
नंबर सांगितला. हॉस्टेलचा पत्ताही सांगितला,
तो तर त्यानं विचारलाही नव्हता.

तिला भाऊ नव्हता.

दिवाळीनंतर ती पुन्हा आली.
केस कापलेले, नंबर वेगळा, पत्ता वेगळा.
पलीकडच्या गल्लीतलं दुकान त्या दिवशी बंद होतं,
म्हणून आली असावी.
काही बोलली नाही.
पत्त्याच्या रकान्याशी पोचली
आणि डाव्या हाताचा पंजा स्क्रीनसमोर आडवा धरला.
माझ्यापासून.
बोटांवर जांभळ्या औषधाचा डाग होता.
मी उठून बाहेर गेलो, कूलरमध्ये पाणी टाकत राहिलो,
टाकी भरून वाहायला लागली तरी.

यंदा एक दुसरा आला. कार्डामागे चार रुपये, म्हणाला,
पडूनच तर आहे तुमच्याकडं सारं.
मी नाही म्हटलं.
पण हिशेब डोक्यात आधी झाला होता,
हेही सांगायला हवं.

आता शटर पाडण्याआधी अर्धा तास जातो.
एकेक फाइल उडवतो, मग कचरापेटी रिकामी करतो.
कॉम्प्युटर विचारतो, नक्की?
बिघडलेल्या प्रती फाडून बादलीत भिजवतो.
सकाळपर्यंत नावांचा लगदा होतो,
तरी एखादा अंगठा शाबूत निघतो,
कोणाची अर्धी भुवई.
बायको फोन करते : भाकरी वातड झाली,
येवढं काय पुसून राहिले?

परवा दुरुस्तीवाला पोट्टा आला.
झाकण उघडून म्हणाला, काका, याच्यातही डिस्क राहते.
जे जे काढलं, ते आत जमा.
अकरा वर्षांचं? मी विचारलं.
त्यानं खांदे उडवले.
काढून दे, म्हटलं.
तर पाना आणला नाही, म्हणे, मंगळवारी येतो.

आज शुक्रवार. रांग थांबत नाही, मशीन चालू आहे.
रात्री मात्र उन्हातला दुपट्टा
त्याच्यावर टाकून जातो,
डोळे झाकावे तसा.
उपयोग नाही. माहीत आहे मला.